प्रश्न विचारतात एक, शोधतात दुसरंच: नोकरीच्या मुलाखतीतले प्रश्न समजून घेताना

मागच्या महिन्यात बार्शीच्या भाच्याचा फोन आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं एका लहान वर्कशॉपात क्वालिटीचं काम केलंय. चाकणला एका कारखान्यात मुलाखत देऊन तो परतीच्या एसटीत बसला होता.

"मामा, टेक्निकल सगळं आलं. शेवटी त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडतोयस? मी खरं ते सांगितलं. सुपरवायझर फार त्रास देतो, पगारही वेळेवर होत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, कळवतो. खरं बोलायचं नसतं का?"

खरंच बोलायचं असतं. पण त्याने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न साहेबांच्या मनात नव्हताच. भोसरी-चाकण पट्ट्यात मी अठरा वर्षं भरतीच्या टेबलामागे बसलो आहे आणि ही चूक शेकडो मुलामुलींकडून होताना पाहिली आहे. हुशारी कमी पडते म्हणून ती होत नाही. नोकरदार घरातल्या मुलाला रात्री जेवताना आई-वडिलांच्या ऑफिसच्या गोष्टी कानावर पडून जे आपोआप कळतं, ते गावाकडच्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख.

कलिंगडाची टिचकी

बाजारात कलिंगड कापून बघता येत नाही. मग आपण ते हातावर घेतो, टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. टिचकीला स्वतःचा काही अर्थ नसतो, आतलं फळ पिकलंय की कच्चं याचा अंदाज त्या आवाजावरून बांधायचा असतो.

मुलाखतीतले बहुतेक प्रश्न म्हणजे अशा टिचक्या. माणूस प्रत्यक्ष काम कसा करेल हे अर्ध्या तासात बघता येत नाही, म्हणून आडून अंदाज घ्यावा लागतो. आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या मनात तीनच शंका असतात: याला काम येईल का, हा टिकेल का, आणि आमच्या माणसांशी याचं जमेल का. प्रश्न पन्नास असले तरी शंका याच तीन.

दुसरी शंका बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगतो. नवा क्वालिटी इन्स्पेक्टर घेतला की त्याला ड्रॉइंग, गेज (माप तपासायचं साधन), ग्राहकाचे नियम समजायला तीन-चार महिने जातात. तोवर एक जुना माणूस त्याच्या मागे उभा असतो. पाचव्या महिन्यात तो सोडून गेला तर हे सगळं पाण्यात, आणि ज्याने त्याला निवडला त्याला वरून विचारणा होते, "कुठून आणलात हा?" मुलाखत घेणाराही घाबरलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की त्याचे निम्मे प्रश्न उलगडतात.

"स्वतःबद्दल सांगा" म्हणजे काय सांगू?

दहातली आठ मुलं इथे नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी, एक बहीण, छंद क्रिकेट असं एका दमात म्हणून टाकतात. कॉलेजात तेच घोटून घेतलेलं असतं.

आतली गोष्ट अशी की समोरच्याने तुमचा बायोडेटा बहुधा नीट वाचलेला नसतो. सकाळपासून सहा जण झालेले असतात, मधे लाइन थांबली म्हणून दोनदा फोन आलेला असतो. हा प्रश्न विचारून तो स्वतःसाठी दोन मिनिटं मिळवतो आणि पुढे कुठला धागा ओढायचा ते ठरवतो. शिवाय, सांगण्यासारखं खूप असताना या कामाला उपयोगी काय ते तुम्हाला निवडता येतं का, हेही त्याला कळतं. तेव्हा धागा तुम्हीच पुढे करा: काय शिकलात, हाताने काय काम केलंत, आणि ही जागा का हवी. शेतीचा उल्लेख गाळायला हवा असं नाही. वडिलांच्या ट्रॅक्टरचं गिअरबॉक्स तुम्ही स्वतः उतरवलं असेल तर ते आधी सांगा.

नोकरी का सोडताय, आणि पाच वर्षांनी कुठे असाल?

हे दोन्ही एकाच शंकेचे प्रश्न आहेत: टिकेल का? भाच्याच्या उत्तरातून साहेबांना ऐकू आलं ते असं: याचं वरिष्ठाशी पटत नाही, उद्या आमच्या सुपरवायझरबद्दलही दुसरीकडे हेच बोलेल. दोष सुपरवायझरचा असेलही, पण साहेबांकडे तपासायला काही साधन नाही. एकच बाजू ऐकून न्याय करायची त्यांची इच्छाही नसते.

तेच सत्य असंही सांगता आलं असतं: "पगार दोन-दोन महिने मागे पडतो, घर चालवायला अवघड जातं. आणि तिथे मी फक्त गेज लावून ओके-रिजेक्ट करतो. तुमच्याकडे सीएमएम आहे," म्हणजे त्रिमितीत मापं घेणारं यंत्र, "ते मला शिकायचंय." यात एक शब्द खोटा नाही. फक्त पाठ मागच्या नोकरीकडे आणि तोंड पुढच्या कामाकडे आहे.

पाच वर्षांच्या प्रश्नाला "तुमच्या खुर्चीत" असं उत्तर द्यायला काही क्लासमध्ये शिकवतात. कृपा करून देऊ नका. तुम्हाला जिथे जायचंय त्या वाटेवर ही नोकरी येते का, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असेल आणि निकाल लागला की जाणार असाल, तर तो नेमकं हेच हुडकतोय. अशा वेळी गोलगोल बोलण्यापेक्षा "किमान दोन वर्षं मी इथे आहे" असं सांगता येत असेल तर सांगा, आणि तेवढं पाळा.

"एखादा प्रसंग सांगा": सगळ्यात कामाचा प्रश्न

"एकदा काम बिघडलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" "सहकाऱ्याशी मतभेद झाले असा प्रसंग सांगा." हल्ली असे प्रश्न सर्रास येतात. त्यामागची समजूत साधी आहे: माणूस पुढे कसा वागेल याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे तो मागे कसा वागला.

याचं मूळ विमानतळावर सापडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात जॉन फ्लॅनगन नावाचे मानसशास्त्रज्ञ वैमानिकांच्या निवडीवर काम करत होते. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या १,००० उमेदवारांचे शेरे तपासले, तर कारणं काय? "स्वभाव योग्य नाही", "निर्णयक्षमता कमी", "प्रगती असमाधानकारक". अशा शेऱ्यांवरून पुढचा वैमानिक कसा निवडायचा हे काहीच कळेना. मग विशेषणं सोडून प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करायला सुरुवात झाली: कोण, कुठे, काय केलं, काय झालं. ही पद्धत फ्लॅनगन यांनी १९५४ साली सविस्तर मांडली आणि १९८०च्या दशकात ती नोकरीच्या मुलाखतीत पक्की रुजली.

तेव्हा "मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे" हे सांगून उपयोग नाही. ते विशेषण आहे. तारीख, यंत्र, माणसं आणि शेवट असलेला प्रसंग हवा.

इथे आपल्या मुलांची एक वेगळीच अडचण होते आणि मला ती मनापासून लागते. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की "मी मी" करू नये. त्यामुळे मुलगा म्हणतो, "आम्ही केलं", "सर्वांनी मिळून प्रॉब्लेम सोडवला", "मशीन चालू झालं". मराठीत कर्ता गायब करून वाक्य छान पुरं होतं. ऐकणाऱ्याला मात्र कळत नाही की त्या मशीनखाली शिरलं कोण? मी मुद्दाम विचारायचो, "यात तुझा हात कुठे होता?" तेव्हा कुठे बाहेर यायचं की रात्री दोन वाजता बेअरिंगचा आवाज यानेच ओळखला होता. सगळेच मुलाखतकार असं खोदून विचारत नाहीत. बढाई मारू नका, पण आपल्या हाताने केलेलं काम सांगताना "मी" म्हणा. तो अहंकार नव्हे, माहिती आहे.

टेबलावरचं व्हर्नियर

क्वालिटीच्या जागेसाठी मी एक गोष्ट नेहमी करायचो. टेबलावर लेथवर कातलेला एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि व्हर्नियर कॅलिपर हे बारीक मापं घ्यायचं साधन ठेवायचो आणि म्हणायचो, "याचा व्यास सांग." बहुतेक जण लगेच शाफ्टला जबडे लावायचे. काही थोडे आधी जबडे रुमालाने पुसायचे, रिकामे मिटायचे आणि शून्याची रेघ शून्यावर बसते का ते बघायचे. माझ्या त्या व्हर्नियरमध्ये ०.०४ मिलिमीटरची झीरो एरर होती, म्हणजे रिकामं मिटलं तरी शून्य तेवढं सरकलेलं दिसायचं, आणि ती मला ठाऊक होती. एका मुलीने रेघ बघितली, मान वर केली आणि विचारलं, "सर, हे कॅलिब्रेशनला गेलं नाही का?" म्हणजे अचूकपणा तपासून घ्यायला. तिला इंग्रजीतलं एकही वाक्य धड जमलं नव्हतं. तिला मी त्याच दिवशी घेतली.

प्रत्यक्ष काम करून घेणं ही सर्वांत सरळ टिचकी. हात आणि डोळे बोलतात, भाषा आड येत नाही. अशी चाचणी असेल तर तिला घाबरू नका. शांत आणि अबोल मुलांसाठी तीच सर्वांत न्यायाची संधी असते.

उणिवा आणि कोडी कशासाठी विचारतात?

"तुमच्यातली उणीव सांगा" हा प्रश्न माझ्या मते कमजोर आहे, कारण सगळे जण "मी फार परफेक्शनिस्ट आहे" असंच म्हणतात. विचारणाऱ्याचा हेतू मात्र रास्त असतो. आपल्याला काय येत नाही हे माणसाला ठाऊक आहे का, आणि ठाऊक असून तो त्यावर काही करतोय का? खरी, पण या कामाला मारक नसलेली एक उणीव सांगा आणि तिच्यासाठी काय करता ते सांगा. "इंग्रजीत ईमेल लिहायला वेळ लागतो, म्हणून रोज एक लिहून मित्राकडून तपासून घेतो" हे उत्तर मला दहा परफेक्शनिस्टांपेक्षा जास्त सांगून जातं.

कोड्यांचं काय? १९२१ साली थॉमस एडिसनने नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची यादी केली होती. ती वर्तमानपत्रात फुटली. फ्रान्सला लागून कोणते देश आहेत, असे प्रश्न त्यात होते. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या आइनस्टाइनला त्यातलाच आवाजाचा वेग विचारला, तर तो म्हणाला की पुस्तकात सहज मिळणारी माहिती मी डोक्यात बाळगत नाही. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांत "विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील" अशी कोडी आली. २०१३ साली गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनीच जाहीरपणे सांगितलं की ही कोडी निव्वळ वेळेचा अपव्यय आहेत, त्यातून काही कळत नाही. तरीही कुणी विचारलंच तर आकडा महत्त्वाचा नसतो. मोठ्याने विचार करत, पायरी पायरीने अंदाज बांधा.

आताचा पगार किती?

या प्रश्नामागे तुमच्याबद्दल शंका नाही, इथे सौदा चालू आहे. तुमचा आताचा आकडा कळला की त्यावर वीस-तीस टक्के चढवून बोलणी संपवता येतात, मग त्या जागेची बाजारातली किंमत काही का असेना. आधीच्या ठिकाणी ज्याला कमी मिळालं त्याला पुढेही कमीच मिळत जातं, आणि यात बायकांचं नुकसान जास्त होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून ऑफर देण्याआधी हा प्रश्न विचारायला मनाई केली. युरोपीय महासंघाच्या २०२३च्या वेतन-पारदर्शकतेच्या निर्देशातही ही मनाई आहे. आपल्याकडे तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा सर्रास मागतात.

स्लिप दाखवावीच लागणार असेल तर आकडा खोटा सांगू नका, पुढे पडताळणीत उघडा पडतो. पण आकड्यासोबत जागेच्या कामाबद्दलही बोला: "आत्ता एवढा आहे, पण या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा एवढी." आणि ऑफर सीटीसीत असेल तर हातात किती पडेल ते विचारा. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी वर्षाला पडणारा एकूण खर्च. कंपनीने भरायचा पीएफचा वाटा आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही त्यात धरलेली असते. पहिल्या पगाराला धक्का बसलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

घरी कोण कोण असतं? लग्न कधी? मूळ गाव कुठलं?

आता जरा जपून. या प्रश्नांकडे आपण आपुलकी म्हणून बघतो. स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी आपल्या अंगवळणी पडली आहे. काही वेळा ती निव्वळ गप्पांची सुरुवात असते. पण ती नेहमी तेवढीच नसते.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की आपण जात बघतच नाही असं म्हणणारे हेच अधिकारी "कौटुंबिक पार्श्वभूमी" मात्र आवर्जून विचारतात, आणि चांगलं घर म्हणजे चांगला कर्मचारी असं मानतात. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी, ती मुलं या प्रश्नापाशीच मागे पडतात. महाराष्ट्रात तर आडनाव आणि गाव विचारलं की बाकी काही विचारावं लागत नाही. भरतीच्या खोल्यांत मी हे घडताना पाहिलंय. सुरुवातीच्या काळात मीही हे प्रश्न सवयीने विचारले आहेत, आणि ते चूक होतं.

मुलींना लग्नाबद्दल आणि मुलांबद्दल विचारतात त्यामागे बाळंतपणाच्या रजेची भीती असते. २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही पगारी रजा २६ आठवड्यांची आहे. पण जिथे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे तिथे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलेला त्या काळातले पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून ते जात नाहीत. हे कित्येक लहान कारखानदारांना माहीतच नसतं. बाई म्हणून भरतीत डावलू नये, हे १९७६च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे. मात्र हे कायदे डावलण्याबद्दल बोलतात, प्रश्नाबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे प्रश्न येत राहतात.

उत्तर काय द्यायचं? नोकरीची निकड असलेल्या मुलीला "हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही" असं म्हणायला सांगणं मला पटत नाही, कारण त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. प्रश्नामागची कामाची बाजू तेवढी उचलायची: "शिफ्ट आणि हजेरीबद्दल विचारत असाल तर मला अडचण नाही." गावाबद्दल विचारलं तर "इथे राहायची सोय झाली आहे". हात जोडून सांगणं आहे ते टेबलामागे बसणाऱ्यांना: ज्याचा कामाशी संबंध नाही ते विचारूच नका.

"हे सगळं नाटक, शेवटी वशिलाच चालतो"

ही तक्रार खोटी नाही. मुलाखतीत वशिल्याला आणि पैशाला वाव राहतो म्हणून केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या.

खासगी क्षेत्रात मुलाखत राहणारच, पण ती कशी घेतली यावर फार काही ठरतं. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जुने अभ्यास नव्याने तपासले. मुलाखतीतले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ मोजला. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे तंतोतंत. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ठरलेल्या निकषांवर गुण, अशा साचेबद्ध मुलाखतीला ०.४२ मिळाले. मनाला येईल ते विचारत गप्पा मारायच्या, अशा मोकळ्या मुलाखतीला ०.१९. म्हणजे "मी माणूस बघताच ओळखतो" म्हणणाऱ्या साहेबांचा अंदाज बऱ्यापैकी चुकतो. समोरचा माणूस कागद बघून सगळ्यांना विचारलेलेच प्रश्न विचारतोय असं दिसलं तर तो कोरडा आहे असं समजू नका. वशिल्याला त्या खोलीत जागा कमी आहे.

मग उत्तरं पाठ केली तर?

पहिलं उत्तर पाठ करता येतं, चौथा उपप्रश्न पाठ करता येत नाही. "मग रिजेक्ट झालेले पीस कुठे ठेवलेत? लेबल कुणी लावलं? ग्राहकाला कुणी कळवलं?" इथे बनवलेली गोष्ट फाटते. आता एआयकडून उत्तरं लिहून घेणारे वाढले आहेत, म्हणून हे खोदून विचारणंही वाढलंय. आधी बसून आपल्याच आयुष्यातले पाच-सहा खरे प्रसंग वहीत लिहून काढा. बहुतेक प्रश्नांना त्यातलाच एखादा लागू पडतो.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही सर" म्हणून उठू नका. इथे टिचकी मारायची पाळी तुमची असते. शिफ्ट कशा, शिकवणारं कोण, सहा महिन्यांनी कशावरून मला चांगलं म्हणाल, काहीही विचारा.

भाच्याची परवा रांजणगावला दुसरी मुलाखत झाली. या वेळी त्याने शेवटी विचारलं, "सर, माझ्याआधी या जागेवर होते ते आता कुठे आहेत?" साहेब जरा थांबले. मग म्हणाले, दोन वर्षांत तिघे सोडून गेले, रात्रपाळी जास्त लागते. संध्याकाळी ऑफर आली, पगार आधीच्या दीडपट.

"मामा, जाऊ का?"

मी म्हटलं, हो म्हणायच्या आधी सकाळी रात्रपाळी सुटते तेव्हा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहा, आणि बाहेर पडणाऱ्या दोघा-तिघांना विचार. आज पहाटेच्या गाडीने तो निघालाय.